इलेक्ट्रिक गिटारसाठी घरगुती अँप्लिफायर कोणता घ्यावा?

वाचकांचे प्रश्न

इलेक्ट्रिक गिटारच्या तारा कोणत्या निवडाव्यात याविषयी या सदरात लिहिल्यानंतर सांगली, मिरज आणि आसपासच्या भागांतून जी पत्रे आली, त्यांपैकी निम्म्याहून अधिक पत्रांत तारांचा विषय मागेच राहिला होता आणि प्रश्न अँप्लिफायरचा होता. म्हणून हा अंक त्याच प्रश्नांसाठी ठेवला आहे. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली असून वाचकांची नावे न देता फक्त गावे दिली आहेत.

प्रश्न: माझी मुलगी अकरावीत शिकते. साधी गिटार शिकून झाल्यावर तिने इलेक्ट्रिक गिटार घेतली असून तिला तीन सिंगल कॉइल पिकअप, म्हणजे तारांचे कंपन टिपून त्याचा विद्युत-संकेत करणारी एकेरी वेटोळी, आहेत. आम्ही विश्रामबागेत एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर राहतो, शेजारी वयस्कर जोडपे आहे आणि मुलीला रियाजाला वेळ मिळतो तो रात्री जेवणानंतरच. सध्या ती अँपशिवायच वाजवते. दुकानदार म्हणतात की ४० वॉटचा अँप घ्या, पुढे कार्यक्रमालाही उपयोगी पडेल. आमची तयारी दहा हजार रुपयांपर्यंत आहे. किती वॉटचा, केवढ्या स्पीकरचा आणि कोणत्या कंपनीचा अँप घ्यावा? (एक पालक, विश्रामबाग, सांगली)

उत्तर: ४० वॉटचा अँप आपल्या घरासाठी घेऊ नये, हे आधीच सांगून टाकतो. वॉट हा आकडा थेट आवाजाचा नव्हे. अँप स्पीकरला किती विद्युतशक्ती देऊ शकतो, एवढेच तो सांगतो. शक्ती दुप्पट केली की आवाजाची पातळी केवळ ३ डेसिबलने वाढते, दहापट केली की १० डेसिबलने वाढते आणि ही दहा डेसिबलची वाढ माणसाच्या कानाला साधारण दुप्पट मोठी वाटते. त्यामुळे स्पीकर सारखाच धरला, तर १० वॉट आणि ४० वॉट यांच्यातला फरक ६ डेसिबलचा, म्हणजे किमतीतल्या फरकाच्या मानाने अगदीच थोडा आहे. खरा प्रश्न स्पीकर किती कार्यक्षम आहे हा असतो. गिटारसाठी बनवलेला चांगला १२ इंची स्पीकर अवघ्या १ वॉटवर, १ मीटर अंतरावर, ९७ ते १०० डेसिबलपर्यंत आवाज देतो. सहा-साडेसहा इंची स्पीकर यापेक्षा कमी आवाज देत असले, तरी १० वॉटचा लहानसा अँप पूर्ण उघडला की बंद खोलीत शेजारी बसलेल्या माणसाशी बोलता येणार नाही. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री, म्हणजे दहा ते सकाळी सहापर्यंत, ४५ डेसिबलची मर्यादा धरलेली आहे. ती परिसरातल्या आवाजाची आहे, खोलीतल्या आवाजाची नव्हे, हे खरे. पण दहा वॉटसुद्धा आपल्या घरात पुरून उरतात हे त्यावरून लक्षात यावे.

म्हणून अँप किती मोठा वाजतो यापेक्षा तो लहान आवाजात कसा वाजतो, हे पाहून निवड करावी. दुकानात नेमके याच्या उलट घडते. दुकानदार व्हॉल्यूम वाढवून दाखवतो, काच थरथरते, घेणाऱ्याचे समाधान होते आणि घरी आल्यावर तोच नॉब आयुष्यभर शून्य आणि एक यांच्या मधल्या फटीत राहतो. मोठ्या अँपमध्ये ही फट फार नाजूक असते: बोट लावले नाही तर काहीच ऐकू येत नाही आणि केसभर फिरवले की आवाज एकदम जिन्यापर्यंत पोहोचतो. तेवढ्या अवघड जागी नॉब ठेवून रोज रात्री वाजवायचे म्हणजे मुलीच्या रियाजापेक्षा आपल्या संयमाचीच परीक्षा आहे.

यावर उपाय म्हणून अँपवर गेन आणि मास्टर व्हॉल्यूम असे दोन वेगळे नॉब आहेत का, हे जरूर पाहावे. गेन हा पिकअपकडून येणारा क्षीण संकेत पहिल्या टप्प्यात किती वाढवायचा ते ठरवतो, तर मास्टर हा शेवटी स्पीकरकडे किती जायचे ते ठरवतो. पहिल्या टप्प्यात संकेत मर्यादेबाहेर वाढवला की त्याच्या लहरींचे माथे छाटले जातात आणि मूळ सुरात नसलेले वरचे स्वरांश त्यात मिसळतात. यालाच ओव्हरड्राइव्ह किंवा अधिक तीव्र झाल्यास डिस्टॉर्शन म्हणतात. मिरजेच्या परिसरातील वाचकांना तंबोऱ्याची जवारी ठाऊक असेल. तार घोडीच्या पृष्ठभागाला निसटती घासत राहते आणि त्यातून सुराच्या अंगावर वरच्या स्वरांशांची झळाळी येते. दोहोंची कारणे निराळी आहेत, पण कानाला हवीशी वाटणारी समृद्धी या वरच्या स्वरांशांचीच आहे आणि ती जास्त झाली की दोन्हीकडे सारखीच कर्कश वाटते. गेन आणि मास्टर वेगळे असले की मास्टर अगदी खाली ठेवूनही हा रंग मिळतो. एकच व्हॉल्यूम असलेल्या अँपमध्ये तो मिळवायचा तर आवाज मोठा करावाच लागतो.

व्हॉल्व्ह अँपची, म्हणजे ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या नळ्यांवर चालणाऱ्या जुन्या पद्धतीच्या अँपची, जी ख्याती आहे, तिचा मोठा भाग शेवटच्या टप्प्यातील व्हॉल्व्ह ताणले गेल्यावर येणाऱ्या रंगाचा आहे, आणि तो ताण फक्त मोठ्या आवाजात येतो. दोन खोल्यांच्या घरात, रात्री साडेनऊला, त्या ख्यातीचा काही उपयोग नाही. शिवाय दहा हजारांत नवा व्हॉल्व्ह अँप मिळणारही नाही. आपल्यासाठी ट्रान्झिस्टरवर चालणारा किंवा मॉडेलिंगचा, म्हणजे निरनिराळ्या अँपच्या आवाजाचे संगणकीय अनुकरण करणारा, अँपच योग्य आहे.

स्पीकर सहा ते आठ इंचांचा असावा. गिटारच्या सर्वांत जाड तारेचा मोकळा सूर ८२ हर्ट्‌झच्या आसपास असतो आणि तीन-चार इंची स्पीकर तो मूळ सूर नीट हलवू शकत नाही. आपल्याला तो तरीही ऐकू येतो, कारण वरच्या स्वरांशांवरून कान मूळ सुराची भर आपोआप घालतो. मात्र खर्जाचा भरीवपणा जातो आणि ताल धरून वाजवलेल्या जाड तारा पत्र्याच्या डब्यातून आल्यासारख्या वाटतात. याच कारणाने ब्लॅकस्टारचा तीन वॉट, तीन इंची स्पीकरचा फ्लाय ३ हा गमतीचा आणि प्रवासात नेण्याजोगा अँप असला, तरी घरातला एकमेव अँप म्हणून मी तो सुचवणार नाही.

आता हेडफोनविषयी. आपल्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची माहिती ‘रात्री जेवणानंतरच’ या दोन शब्दांत आहे, म्हणून इथे थोडे अधिक लिहितो. हेडफोनचा जॅक आता जवळजवळ प्रत्येक लहान अँपला असतो, पण सगळ्या जॅकवरचा आवाज सारखा नसतो. गिटारचा स्पीकर साधारण ५ हजार हर्ट्‌झच्या वरचे फारसे काही देत नाही आणि त्यामुळे डिस्टॉर्शनमधला वरचा चरचरीत भाग तिथेच गाळला जातो. हेडफोन मात्र २० हजार हर्ट्‌झपर्यंतचे सगळे कानात ओततो. अँपच्या हेडफोन जॅकवर स्पीकरच्या या गाळणीचे अनुकरण केलेले नसेल, तर स्पीकरवर मधुर वाटणारा तोच अँप हेडफोनवर माशी घोंगावल्यासारखा वाटतो आणि मुले दोन दिवसांत कंटाळतात. मॉडेलिंग अँपमध्ये हे अनुकरण बहुधा असते. साध्या अँपमध्ये काहींत असते, काहींत नसते. दुकानात स्पीकरवर ऐकून झाल्यावर हेडफोन लावून ऐकल्याशिवाय पैसे देऊ नयेत. दुकानात हेडफोन नसतो, म्हणून आपलाच, तारेचा, न्यावा. जॅक जाड आहे की बारीक, म्हणजे ६.३५ मिलिमीटरचा की ३.५ मिलिमीटरचा, तेही पाहून ठेवावे. अडॅप्टर स्वस्त असतो, पण आयत्या वेळी घरात नसतो. ब्लूटूथचा हेडफोन यासाठी चालत नाही. गाणी ऐकताना ब्लूटूथमुळे होणारा उशीर जाणवत नाही. तार छेडल्यानंतर मात्र सूर सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याने जरी उशिरा आला, तरी लय धरता येत नाही.

हेडफोन लावला म्हणजे शेजारी सुखी झाले. मुलीच्या कानांचे काय, हा प्रश्न उरतो. आठ तासांसाठी ८५ डेसिबल ही कामाच्या ठिकाणासाठी शिफारस केली जाणारी मर्यादा आहे आणि आवाज दर ३ डेसिबलने वाढला की सुरक्षित वेळ निम्मा होतो. म्हणजे ९७ डेसिबलला तो अर्ध्या तासावर येतो. मुलांच्या बाबतीत याहूनही कमी आवाज धरावा. घरी एक साधी खूण ठेवावी: हेडफोन घातलेला असताना आपण नेहमीच्या आवाजात हाक मारली आणि ती ऐकू आली नाही, तर मास्टर खाली घ्यायचा.

ऑक्सचा जॅक किंवा ब्लूटूथने गाणे आत घेण्याची सोय असावी. मोबाइलवरचा तबला, ड्रमचा ठेका किंवा तंबोरा त्यातून सोडता येतो आणि त्याच्या जोडीने वाजवता येते. (इथे ब्लूटूथ चालते, कारण उशीर झाला तरी तो सोबतीच्या संगीताला होतो, आपल्या हाताला नाही.) इलेक्ट्रिक गिटारवर राग वाजवून पाहणाऱ्या मुलांना तर माझी आग्रहाची सूचना आहे की षड्जाची सोबत घेतल्याशिवाय तार ओढून मींड घेऊ नये, ओढलेली तार नेमक्या सुरावर पोहोचली की नाही, हे दुसऱ्या कशाने इतके स्पष्ट कळत नाही.

नावे विचारली आहेत, म्हणून देतो. फेंडरचा फ्रंटमन १०जी हा १० वॉट आणि सहा इंची स्पीकरचा अँप स्वच्छ आवाजासाठी, आणि आपल्या मुलीच्या सिंगल कॉइल पिकअपसाठी, सरळ आणि विश्वासू आहे. मार्शलच्या एमजी मालिकेतला १० वॉटचा, साडेसहा इंची अँप डिस्टॉर्शनकडे अधिक झुकलेला आहे. ऑरेंजचा क्रश १२ बांधणीला भक्कम आहे; त्याचा मध्य सप्तकातला भरदारपणा मला आवडतो, पण ज्याला तो आवडत नाही त्याला तो कोंदट वाटतो. बॉसचा कटाना मिनी सात वॉटचा असून सहा पेन्सिल सेलवर चालतो, त्यामुळे वीज गेली तरी रियाज थांबत नाही. स्पीकर चार इंचीच आहे, तरी त्या आकाराच्या मानाने तो आश्चर्यकारक भरीव वाजतो आणि वर मांडलेल्या नियमाला एवढा एक अपवाद मी करतो. स्ट्रेंजरसारख्या भारतीय कंपनीचे अँप स्वस्त पडतात आणि दुरुस्तीला सोपे असतात; त्यांत एकाच नमुन्याचे दोन नग वेगळे वाजण्याची शक्यता गृहीत धरून, जो नग ऐकला तोच उचलून आणावा. फेंडरचा मस्टँग एलटी२५ किंवा यामाहाची टीएचआर मालिका आपल्या रकमेबाहेर जाते. टीएचआर मालिका तर घरात हळू वाजवण्यासाठीच आखलेली आहे, म्हणून पुढेमागे जुना मिळाला तर लक्षात ठेवावा.

या सगळ्यांतून एकच निवडायचा झाला, तर रात्रीचा रियाज ध्यानात घेता मी कटाना मिनी निवडेन. मुलगी दिवसा, सुटीच्या दिवशी, स्पीकरवरही बराच वेळ वाजवणार असेल, तर फ्रंटमन. शेकडो आवाज भरलेला मॉडेलिंग अँप पहिल्याच वर्षी घेण्याच्या मी विरोधात आहे. तो वाईट असतो म्हणून नव्हे, तर सोळा वर्षांच्या मुलांचा रियाजाचा तास आवाज बदलून पाहण्यात संपतो म्हणून.

दहा हजार पूर्ण अँपवर घालवू नयेत. तीन मीटरची चांगली, जाळीच्या आवरणाची केबल घ्यावी. अँपसोबत फुकट येणारी केबल दोन-तीन महिन्यांत जॅकपाशी खरखरू लागते आणि दोष अँपच्या माथी येतो. खरेदीला मुलीला आणि तिच्याच गिटारीला घेऊन जावे. सांगलीत हवा तो नमुना मांडलेला नसेल, तर कोल्हापूरला किंवा पुण्याला एक फेरी मारणे परवडते, पण न ऐकता मागवणे परवडत नाही. दुकानात आधी मास्टर इतका खाली घ्यायला सांगावा की दुकानदाराशी हळू आवाजात बोलता येईल, आणि मग वाजवायला सांगावे. त्या आवाजात जो अँप मुलीला थांबू देत नाही, तो घ्यावा.

घरी आणल्यावर तो जमिनीवर, भिंतीच्या कोपऱ्यात ठेवू नये. कोपऱ्यात खर्ज फुगतो आणि फरशीतून खालच्या मजल्यापर्यंत जातो. खुर्चीवर किंवा स्टुलावर, खाली जाड सतरंजीची घडी देऊन, स्पीकरचे तोंड कानाच्या दिशेने राहील असा ठेवावा. आवाज अर्ध्यावर आणला तरी पुरतो, असे मग आपोआप लक्षात येते, कारण आतापर्यंत तो गुडघ्यांनाच ऐकवला जात असतो.

प्रश्न: आमच्या घरी भजनी मंडळाचा माइकचा अँप्लिफायर आहे, शिवाय टीव्हीला जोडलेले होम थिएटरही आहे. मुलाची इलेक्ट्रिक गिटार यांपैकी एकाला जोडली तर वेगळा अँप घेण्याचा खर्च वाचेल का? (मिरज)

उत्तर: आवाज येईल, पण तो गिटारचा येणार नाही. गिटारच्या पिकअपला पुढचे यंत्र फार उच्च अवरोधाचे, म्हणजे प्रवाहाला मोठा विरोध करणारे, लागते. गिटार अँपच्या प्रवेशाशी हा अवरोध बहुधा १० लाख ओहम ठेवलेला असतो. माइकच्या जॅकवर तो काही हजार ओहमच असतो. तिथे गिटार जोडली की संकेत दबतो, वरचे सूर झडतात आणि वाजवणाऱ्याला वाटते की आपलाच हात जड आहे. होम थिएटरच्या जॅकला याहून बराच जोरकस संकेत हवा असतो, म्हणून तिथे गिटार पुटपुटल्यासारखी ऐकू येते. डिस्टॉर्शन पेडल मध्ये घातले तर आवाज वाढेल, पण स्पीकरची जी गाळणी मी वरच्या उत्तरात सांगितली ती इथे नसल्यामुळे तो चिरफाड करणारा वाटेल, आणि केबल जोडता-काढताना होणाऱ्या फाट्‌कन आवाजाने होम थिएटरचा लहान स्पीकर निकामी होण्याचा धोका आहेच.

खर्च वाचवायचाच असेल, तर एक मधला मार्ग आहे. व्हॉक्सच्या अँप्लगसारखा, गिटारच्या जॅकमध्ये थेट बसणारा, काडेपेटीपेक्षा थोडा मोठा हेडफोन अँप मिळतो. तो दोन बारीक सेलवर चालतो, घराला काहीही ऐकू जाऊ न देता मुलाला सगळे ऐकवतो आणि गरज पडली तर त्यातून निघालेली तार होम थिएटरच्या ऑक्समध्ये घालता येते. मंडळाचा अँप्लिफायर मंडळासाठीच राहू द्यावा. एकादशीच्या आदल्या रात्री त्याचा आवाज का बसला, याची चौकशी घरात व्हायला नको.

प्रश्न: गावभागातल्या आमच्या जुन्या वाड्यात अँप लावला की सतत घरघर येते. तारांना हात लावला की ती कमी होते. इन्व्हर्टरवर तर वाजवणेच अशक्य होते. एका ओळखीच्याने प्लगची जाड पिन काढून टाकायला सांगितले आहे. काढावी का? (गावभाग, सांगली)

उत्तर: काढू नये. कोणत्याही कारणाने काढू नये. गिटारच्या तारा धातूच्या घोडीतून आणि आतल्या वायरीतून अँपच्या सांगाड्याला जोडलेल्या असतात आणि सांगाडा त्या जाड पिनेतून जमिनीला. पिन काढली आणि अँपमध्ये कधी बिघाड होऊन सांगाड्यात वीज उतरली, तर तिला जमिनीत जाण्यासाठी वाजवणाऱ्याच्या बोटांशिवाय दुसरी वाट उरत नाही. टू-पिनचा अडॅप्टर लावणे म्हणजेही तेच.

तारांना हात लावल्यावर घरघर कमी होते, हे सामान्य आहे. आपले शरीर आसपासची विद्युत-कुरकुर गोळा करत असते आणि हात लागला की ती जमिनीकडे जाते. हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर मात्र अँप तत्काळ बंद करून वायरमनला बोलवावे. जुन्या वाड्यांत दोनच वायरींची जोडणी असते, थ्री-पिनचे सॉकेट बसवलेले असते आणि त्याच्या वरच्या भोकामागे काहीच नसते. सॉकेट पाहून हे कळत नाही, वायरमनकडून तपासून घ्यावे लागते. मीठ आणि कोळसा घालून केलेला अर्थिंगचा खड्डा आणि मेन बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच), एवढे काम करून घेतले तर घरघरही बरीच कमी होईल आणि घरातली इतर मंडळीही सुरक्षित होतील.

उरलेली घरघर पिकअपची. सिंगल कॉइल पिकअप घरातल्या ५० हर्ट्‌झच्या विजेची गुणगुण पकडतो. बसल्या जागी गिटारसकट हळूहळू फिरून पाहावे. एका दिशेला ती जवळजवळ नाहीशी होते, तिथे खुर्ची मांडावी. पंख्याचा रेग्युलेटर, स्वस्त एलईडी ट्यूब आणि मोबाइलचा चार्जर एकेक करून बंद केल्यावर दोषी कोण ते कळते. तीन पिकअपच्या बहुतेक गिटारींत निवडीची कळ दुसऱ्या किंवा चौथ्या जागी ठेवली की दोन पिकअप एकमेकांची गुणगुण खोडून काढतात. इन्व्हर्टर चौकोनी लहरींचा असेल, तर त्यावर अँप कुरकुरणारच. वीज गेल्यावर सेलवर चालणारा अँप वापरावा किंवा हात अँपशिवाय चालवावा.

प्रश्न: माझा भाचा अमेरिकेहून येताना पाच वॉटचा जुना व्हॉल्व्ह अँप आणणार आहे. पाचच वॉटचा आहे, म्हणजे घरात चालेल ना? आणि प्लग बदलला की काम होईल का? (तासगाव)

उत्तर: दोन्ही प्रश्नांचे उत्तर नाही असे आहे. तिकडे १२० व्होल्ट, ६० हर्ट्‌झची वीज असते, आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्‌झची. केवळ प्लग बदलून लावला, तर नशीब चांगले असल्यास फ्यूज जाईल, नाहीतर ट्रान्सफॉर्मर जळेल. भाच्याला अँपच्या मागच्या पट्टीचा फोटो पाठवायला सांगावे. तिथे १०० ते २४० व्होल्ट लिहिलेले असेल, तर काळजी नाही, पण ते अडॅप्टरवर चालणाऱ्या नव्या अँपवरच आढळते. केवळ १२० व्होल्ट असेल, तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल, तोही किमान १०० व्हीएचा (व्होल्ट-अँपिअरचा) आणि थ्री-पिनचा. प्रवासात दाढीच्या यंत्रासाठी विकतात तो हलका कन्व्हर्टर नव्हे. ५० हर्ट्‌झवर जुना ट्रान्सफॉर्मर थोडा अधिक तापतो, म्हणून अँपच्या मागे हवा खेळती ठेवावी.

राहिले पाच वॉट. फेंडरचा चँप हा अशाच पाच वॉटच्या व्हॉल्व्ह अँपपैकी एक, चाळिसाच्या दशकाच्या अखेरीस बनू लागलेला आणि स्टुडिओत ध्वनिमुद्रणासाठी मुद्दाम वापरला जाणारा. तो उघडला की तासगावच्या गल्लीत शेवटच्या घरापर्यंत ऐकू जाईल. तरी भाचा प्रेमाने आणत असेल, तर नाही म्हणू नये. फक्त स्पीकरची वायर काढून तो कधीही चालू करू नये; ट्रान्झिस्टरचा अँप हे सहसा सहन करतो, व्हॉल्व्हच्या अँपचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर त्याने जाऊ शकतो.

प्रश्न: जुना अँप घेताना काय पाहावे? (कुपवाड)

उत्तर: प्रत्येक नॉब शून्यापासून शेवटपर्यंत दोनदा फिरवावा. खरखर आली आणि फिरवत राहिल्यावर कमी झाली, तर आत धूळ आहे. कॉन्टॅक्ट क्लिनरने काम होते. आवाज मध्येच तुटत असेल, तर पॉट, म्हणजे नॉबमागचा फिरता भाग, बदलावा लागेल. जॅकमध्ये केबल घालून ती हळूच वरखाली हलवावी. आवाज येत-जात असेल, तर आतल्या जोडणीचा (सोल्डरचा) डाग सुटलेला आहे. तो पुन्हा देणे कोणत्याही रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्याला जमते, पण किंमत ठरवताना ते बोलून दाखवावे. गिटार न जोडता मास्टर वाढवून सूं-सूं असा आवाज किती येतो ते ऐकावे आणि जाड तार जोरात छेडून स्पीकरचा कागद फडफडतो का, याकडे कान द्यावा.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट पाहावी लागते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत सांगलीतल्या अनेक घरांच्या तळमजल्यावरचे सामान पाण्यात होते आणि त्यातले काही पुसून-वाळवून अजूनही विकले जाते. बाहेरचे कापड नवे असले, तरी मागची फळी उघडून पाहावी. स्पीकरच्या स्क्रूंवर एकाच उंचीपर्यंत गंज, लाकडी खोक्याच्या आतल्या कोपऱ्यात मातीची बारीक रेघ, चिप-बोर्डाची खालची कड फुगून भुसा सुटलेली, ट्रान्सफॉर्मरच्या पत्र्यांमध्ये तांबूस पूड, यांतले एक जरी दिसले तरी तो अँप आज वाजत असला तरी घेऊ नये. विकणारा मागची फळी उघडू देत नसेल, तर पुढे बोलण्याचीही गरज नाही.